जुन्या मॅसीत ‘140 नंबर’ ओतण्याआधी

‘जुन्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स आवाज करतोय? 140 नंबरचं जाड तेल टाका, गप्प बसेल.’ हा मेसेज सध्या फिरतोय. मॅसी फर्ग्युसन 35 आणि त्याच वळणाचा आपल्याकडचा 1035 यांच्यासाठी हा सल्ला चुकीचा आहे.

या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल (मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) आणि नांगर उचलणारी हायड्रॉलिक लिफ्ट एकाच तेलावर चालतात. लिफ्टचा पंप मधल्या हाउसिंगमध्ये तेलात बुडालेला असतो आणि जाळीतून तेच तेल ओढतो. थंडीत पहाटे 140 नंबर काकवीसारखं घट्ट होतं. पंपाला ते ओढवत नाही, तो कण्हायला लागतो आणि नांगर उचलता उचलत नाही. गिअरचा आवाज दबतो खरा, पण झिजलेलं बेअरिंग झिजतच राहतं.

दुसरा गैरसमज: ‘90 नंबर म्हणजे इंजिनच्या 40 नंबरच्या दुप्पट जाड.’ गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल यांच्या नंबरांची मापं वेगळी आहेत. 100 अंश सेल्सिअसला गिअरचं 90 हे इंजिनच्या 40-50 नंबरांच्याच आसपास भरतं.

डब्यावर ‘जीएल-5’ (गिअर ऑइलचा एक दर्जा) दिसलं तर जरा थांबा. त्यातली गंधकाची रसायनं काही वेळा पितळी बुशांना खातात.

मग टाकायचं काय? मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेड, किंवा ट्रान्समिशन आणि हायड्रॉलिक दोन्हींसाठीचं तेल, ज्याच्या डब्यावर तुमच्या मॉडेलला चालेल असं लिहिलंय. आधी डिपस्टिक काढून बघा. तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी शिरलंय. मग नुसतं वरून ओतू नका, तेल सोडायचे खालचे सगळे बोल्ट (ड्रेन प्लग) उघडून जुनं तेल काढा आणि जाळीही धुवा.