आधी वाचा, मग वाहवा करा!

'हृदयस्पर्शी, वाचनीय, संग्राह्य.' हे तीन शब्द आता कुठल्याही पुस्तक परिचयात दिसले की तळपायाची आग मस्तकात जाते. भयकथा आली, हृदयस्पर्शी. शेअर बाजारावरचं पुस्तक आलं, संग्राह्य. कवितासंग्रह असेल तर 'प्रत्येकाच्या घरी असायलाच हवा'. अहो, वाचलंय का तुम्ही पुस्तक? निदान पहिलं प्रकरण? की मलपृष्ठावरची पाठराखण उचलायची, दोन वाक्यं मागेपुढे करायची आणि मुखपृष्ठाच्या फोटोखाली डकवून मोकळं व्हायचं?

मी स्वतंत्र लेखकांची नवी पुस्तकं वाचते आणि त्यांच्यावर लिहिते. स्वतःच्या खिशातले पैसे घालून काढलेली पुस्तकं. ऐतिहासिक, गूढ, विज्ञानकथा, प्रवासवर्णन, जे येईल ते. मोठ्या प्रकाशनांची पुस्तकं पुरवण्यांत कुठेतरी झळकतात. या पुस्तकांच्या वाट्याला फार तर एखाद्या मासिकातलं 'साभार पोच' येतं: नाव, लेखक, पृष्ठं, मूल्य, संपलं. म्हणजे कुणीतरी मन लावून वाचून चार परिच्छेद लिहिणं हीच या लेखकांची एकमेव आशा. आणि नेमकी तीच जागा आपण खोट्या कौतुकानं भरून टाकलीये.

परवा एक ऐतिहासिक कादंबरी हातात आली. सगळीकडे 'अत्यंत अभ्यासपूर्ण' म्हणून गाजत होती. त्यात १६७० सालचा मावळा गडाच्या पायथ्याशी बसून चहा पितो! आणि जोडीदाराला म्हणतो, 'दहा मिनिटांत निघू.' चहा आपल्या घराघरात शिरला तो इंग्रजांच्या राज्यात, तोही उशिरा. आणि तेव्हाची माणसं वेळ मोजायची घटकेत, प्रहरात. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं. हे काही गुप्त ज्ञान नाही, शाळेतल्या मुलाला कळेल. पण कौतुकाच्या त्या ढिगात एकालाही हा चहा खटकला नाही, कारण त्या पानापर्यंत कुणी गेलंच नव्हतं. तरीही 'अभ्यासपूर्ण'! कशावरून? मुखपृष्ठावरच्या तलवारीवरून?

रहस्यकथांचं तेच. कथा घडते २०२५ मध्ये आणि इन्स्पेक्टर खुनाला कलम ३०२ लावतोय. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यानंतरच्या खुनाला कलम १०३ लागतं. आख्खी कथा पोलीस ठाण्यात घडते, मग एवढं तरी बघायला नको? विज्ञानकथेत 'हजारो प्रकाशवर्षांपूर्वी' सापडतं. प्रकाशवर्ष हे अंतर आहे हो, काळ नाही! साधारण ९.४६ लाख कोटी किलोमीटर. त्याच पुस्तकाखाली कुणीतरी लिहिलंय, 'विज्ञानाची सखोल जाण'.

माझा राग लेखकावर कमी आहे. चुका सगळ्यांच्या होतात, त्या पकडायलाच संपादक असतो. पण पैसे घेऊन पुस्तकं काढून देणाऱ्या मंडळींकडे संपादक नावाची जागाच नसते. असतात फक्त पॅकेजेस: सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. त्यात ठळक अक्षरांत 'आयएसबीएनसह'. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. भारतात तो सरकारी एजन्सी देते, फुकट देते, आणि लेखकाला स्वतः अर्ज करता येतो. जे फुकट मिळतं तेच सुविधा म्हणून विकतात! आणि मुद्रितशोधन? एका पुस्तकात जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये घेताना पानंच्या पानं रफार उडाले होते. 'पूर्वी'चं 'पूवी', 'मार्ग'चं 'माग', 'गर्व'चं 'गव'. दोनशे पानं अशीच छापली, बांधली, पाठवली. निवृत्तीच्या पैशातून आयुष्यातलं पहिलं पुस्तक काढणाऱ्या माणसाच्या हातात ते तसं ठेवताना यांना लाज कशी वाटली नाही? आणि त्यावर परिचय लिहिणाऱ्यांनी काय लिहावं? 'सुबक छपाई, देखणी निर्मिती.'

वर हीच मंडळी लेखकाला सल्ला देतात की पहिल्या आठवड्यात नातेवाईक, मित्र, ऑफिसातले सगळे कामाला लावा, पाच-पाच स्टार गोळा करा. ॲमेझॉनच्या नियमात घरच्यांनी आणि जवळच्या मित्रांनी अभिप्राय लिहायला साफ मनाई आहे, पैसे घेऊन लिहायलाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक काढलं, पण ते ऐच्छिक. ऐच्छिक म्हटल्यावर कोण पाळतंय? ग्रुपवर सरळ सौदे चालतात: मी तुमच्यावर लिहितो, तुम्ही माझ्यावर लिहा.

आणि कुणी खरं लिहिलं तर काय होतं ते सांगते. त्या ऐतिहासिक कादंबरीतली पात्रं कुठे जिवंत झालीत, कुठलं प्रकरण कापायला हवं होतं, हे सगळं लिहून मी चहा आणि मिनिटं याबद्दलही लिहिलं. दुसऱ्याच दिवशी लेखकाचा फोन. 'ताई, एवढं जाहीर लिहायची गरज होती का? मला फोनवर सांगितलं असतं.' का म्हणून फोनवर? पुस्तक तुम्ही किंमत छापून बाजारात आणलंय. वाचक पदरचे तीनशे-चारशे रुपये देणार आहे. त्यानं कुणाला विचारायचं? मग लेखकाच्या मित्रांची फौज आली: 'तुम्ही स्वतः किती पुस्तकं लिहिलीत?', 'नव्या लेखकाचं खच्चीकरण करता', 'प्रोत्साहन द्यायला शिका'.

प्रोत्साहन! या शब्दाआड किती आळस लपवायचा? पेन्सिल घेऊन माणसाचं पुस्तक शेवटपर्यंत वाचणं, हे प्रोत्साहन नाही? पुस्तक न उघडता 'खूप छान सर, पुढील लेखनास शुभेच्छा' म्हणणं हा त्या माणसाचा अपमान आहे. त्यानं वर्ष-दोन वर्षं रात्री जागून लिहिलं, पदरमोड करून छापलं, स्वतःच्या खर्चानं तुम्हाला प्रत पाठवली. आणि तुम्ही ती फोटो काढण्यापुरती हातात धरलीत.

पदरमोड करून छापणं मराठीला नवं नाही. साठच्या दशकात लघुअनियतकालिकवाल्यांनी, म्हणजे जमेल तेव्हा स्वतःचे छोटे अंक काढणाऱ्या लेखक-कवींनी, सायक्लोस्टाइल यंत्रावर प्रती काढल्या, प्रस्थापितांना अंगावर घेतलं, एकमेकांच्या कवितांवर कडाकडा भांडले. एकमेकांचं लिखाण वाचत होते म्हणून भांडू शकले. आज भांडण सोडा, साधा प्रश्न विचारला तरी रुसवे.

मला सगळ्यात जास्त कशाचा संताप येतो सांगू? मध्यंतरी एक बारीकसा कथासंग्रह वाचला, ऊसतोडीवरचा. नवरा-बायको मिळून एक कोयता, हे हिशेबाचं माप त्या माणसानं कथेत असं वापरलंय की अंगावर काटा येतो. बाई तापानं फणफणलीये, कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, पडून आहे आणि मनातल्या मनात खाडा मोजतेय. आज उठले नाही तर मुकादमाच्या वहीत किती चढेल, उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटायला किती मोळ्या जास्त बांधाव्या लागतील. नवरा बाहेर बैलांना वैरण टाकतोय. तो आत येऊन 'कसं वाटतंय' विचारत नाही, 'उद्याचं काय' विचारतो. आणि लेखक त्याला वाईट ठरवत नाही. त्याचाही हिशेब आपल्याला दिसतो. एकही भडक वाक्य नाही, कुठे रडारड नाही. असं मराठीत फार थोडे लोक लिहू शकतात.

या पुस्तकाखाली लोकांनी काय लिहिलं होतं? 'हृदयस्पर्शी, वाचनीय, संग्राह्य.' तेच शब्द! रफार उडालेल्या पुस्तकालाही तेच, चहावाल्या मावळ्यालाही तेच आणि या माणसालाही तेच. मग वाचकानं यातलं चांगलं ओळखायचं कसं? तो दोनदा फसतो, तिसऱ्यांदा म्हणतो की ही स्वतः छापलेली पुस्तकं सगळी अशीच असतात, आणि विषय सोडून देतो. त्यात हा कथासंग्रह मेला. त्याला मारलं ते वाईट पुस्तकांनी नाही, तुमच्या कौतुकानं मारलं.

म्हणून हात जोडून नाही, स्पष्ट सांगते. पुस्तक वाचलं नसेल तर लिहू नका. वेळ नसेल तर लेखकाला तसं कळवा, प्रत घेऊ नका. लिहायचं असेल तर एक तरी प्रसंग सांगा, एक तरी ओळ उद्धृत करा, काय जमलं नाही ते नावानिशी लिहा. मित्राचं पुस्तक असेल तर मित्राचं आहे असं वरच लिहा. आणि लेखकांनो, पार्सल पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी 'अभिप्राय कधी टाकताय' म्हणून फोन करू नका. मी पूर्ण वाचणार, त्याला वेळ लागणार, आणि जे वाटेल ते तुमच्या नावासकट जाहीर लिहिणार. तुम्हाला नुसतं 'छान' ऐकायचं असेल तर मला पुस्तक पाठवू नका.