कच्च्या वहीतल्या फुल्या

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात मी अकरा वर्षे हिशेबाचे काम केले. रोज संध्याकाळी फोडलेल्या काजूगराचे वजन करायचे, प्रत्येक बाईच्या नावापुढे किलो लिहायचे आणि जी आली नसेल तिच्या नावापुढे लाल पेनाने फुली मारायची. ही नोंद कच्च्या वहीत होत असे. पक्के मस्टर वेगळे होते आणि त्यात नऊच नावे होती. त्याबद्दल पुढे लिहितो. फुलीमागे काय आहे हे विचारणे माझ्या कामात बसत नव्हते आणि मीही ते कधी विचारले नाही. कामगारांच्या आरोग्याविषयी आणि आजारपणाच्या भरपगारी रजेविषयी आज जे लिहितो आहे, ते इतरांना बोल लावण्याआधी त्या लाल पेनापासून सुरू करणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

काजू कसा फुटतो हे आमच्याकडे कोणाला सांगायला नको, पण मुंबई-पुण्याच्या मित्रांसाठी थोडे सांगतो. बी बॉयलरच्या वाफेवर शिजवतात, पसरून थंड करतात आणि मग कटिंगच्या मशीनवर घेतात. पायाने दांडा दाबला की दोन पाती बीला दोन्ही बाजूंनी धरतात, हातातली मूठ फिरवली की टरफल उघडते आणि आतला गर सुईने अलगद काढावा लागतो, कारण तुकडा झाला की दर उतरतो. या टरफलाच्या दोन थरांमध्ये, मधाच्या पोळ्यासारख्या बारीक कप्प्यांत, तेल असते. त्यात अॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल ही दोन्ही कातडी जाळणारी द्रव्ये असतात. काजू, आंबा आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडे आहेत. बिब्बा उतल्यावर काय होते हे ज्याने घरात पाहिले आहे, त्याला हे तेल रोज आठ तास बोटांवर आले तर काय होत असेल याची कल्पना येईल. वाफवल्यामुळे ते नाहीसे होत नाही.

आमच्याकडच्या एका वहिनीचा हात मी अनेकदा जवळून पाहिला आहे, कारण पगाराच्या दिवशी तिला सही येत नसल्यामुळे अंगठा घ्यावा लागे. तळहातावरच्या रेषा काळ्या शाईने कोरल्यासारख्या, नखांच्या कडा उललेल्या आणि बोटांच्या टोकांची साल दर पंधरा दिवसांनी निघालेली. अंगठ्याचा ठसा कागदावर उमटायचा तो नुसता निळा डाग म्हणून. रेशनच्या दुकानातल्या मशीनवर तिचा अंगठा लागत नसे, म्हणून धान्य आणायला ती सासऱ्यांना पाठवायची. स्वतःच्या बोटांनी केलेल्या कामामुळे स्वतःची ओळख पटू नये, यासारखी व्यावसायिक आजाराची दुसरी खूण मला माहीत नाही, आणि तिची नोंद मात्र कोणत्याही दवाखान्याच्या कागदावर नाही.

मग हातमोजे का नाहीत, असा प्रश्न कोणीही विचारील. होते. मालकांनी दोन वेळा खोकी भरून आणले होते आणि दोन्ही वेळा महिन्याभरात ते खिडकीत धूळ खात पडले. ऑफिसात आम्ही म्हणायचो की बायकांना सवय नाही, अडाणीपणा आहे, सांगून उपयोग नाही. एकदा मी सहज आठवडाभराचे आकडे मांडून पाहिले, तेव्हा हातमोजे घातलेल्या दिवशी त्याच बाईचा गर दीड-दोन किलोने कमी भरत असल्याचे दिसले. मजुरी किलोवर होती. म्हणजे आम्ही तिला हातमोजे देत नव्हतो, हातमोज्यांच्या वेष्टनात गुंडाळून पगारकपात देत होतो. त्या वहिनीने मला तेव्हाच सांगितले होते, "हातमोजे घातले तर गराचो अंदाज येणा नाय, आणि कमी भरलो तर भरपाई कोण देतलो?" खोबरेल तेल आणि राख हा तिचा उपाय होता, कारण त्याने वेग कमी होत नव्हता.

माझे आजचे सगळे म्हणणे या एका हिशेबातून निघाले आहे. सुरक्षित कामाची साधने आणि आजारपणाची भरपगारी रजा हे आपण दोन वेगळे विषय धरतो. एक कारखाना निरीक्षकाचा आणि दुसरा पगारपत्रकाचा. किलोवर किंवा रोजावर काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते दोन नाहीत. ज्याची मजुरी थांबली की चूल अडते, तो सुरक्षिततेचे साधन मजुरीच्या आड येताच बाजूला ठेवतो आणि दुखणे आले की अंगावर काढतो. 'अंगावर काढणे' हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोग आपण कौतुकाने वापरतो, जणू ते सोसण्याचे बळ आहे. माझ्या अनुभवात ती बहुतेक वेळा बिनपगारी रजेची भीती असते.

ती भीती कोकणात किती महाग पडू शकते हे पावसाळ्यात दिसते. आमच्या कारखान्यातल्या बहुतेक बायका जुलैत सकाळी स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या लावणीत उभ्या राहून मग कामावर येत. उंदरांच्या मुतातून चिखलाच्या पाण्यात येणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू हातापायाच्या जखमांतून अंगात शिरतात, आणि काजूच्या तेलाने ज्यांची कातडी आधीच फुटलेली आहे त्यांच्याकडे दरवाजे किती असतील ते मोजायला नको. सिंधुदुर्गात आरोग्य खाते लावणीच्या दिवसांत डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटते ते याचसाठी. हा आजार लवकर ओळखला तर साध्या औषधांनी आटोक्यात येतो. उशीर झाला तर तो मूत्रपिंड, यकृत आणि फुफ्फुसांपर्यंत जातो. म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांत दवाखाना गाठणे हेच औषध, आणि नेमके तेच दोन-तीन दिवस कामगार अंगावर काढतो.

ती वहिनी अशाच एका जुलैत ताप घेऊन आली. डोळे लाल झाले होते आणि पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की पायाचा दांडा दाबताना ती प्रत्येक वेळी मशीनची कड धरत होती. मी विचारले, "वयनी, बरां नाय तर इलंस कित्याक?" ती म्हणाली, "घराक बसलंय तर माझी मशीन दुसरी धरतली." पगाराचे ती बोललीच नाही. पाती प्रत्येकीच्या हाताला लावून घेतलेली असतात. मशीन गेली की जागा गेली, हे तिला ठाऊक होते. चौथ्या दिवशी तिला आधी ग्रामीण रुग्णालयात आणि तिथून गोव्याला बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यावे लागले. ती वाचली, दीड महिन्याने परत आली आणि तिच्या मशीनवर खरोखरच दुसरी बाई बसलेली होती. मधल्या दिवसांच्या फुल्या माझ्याच अक्षरातल्या आहेत.

उन्हाळ्यातही सुटका नाही. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात माकडताप आला, तेव्हापासून काजूच्या बागेत पालापाचोळ्यात वाकून बी गोळा करणाऱ्यांना गोचिडीची भीती असते, आणि काजूचा हंगाम व माकडतापाचा हंगाम जवळपास एकच. चिरेखाणीतली धूळ, आंब्यावर फवारणी करणाऱ्याच्या पाठीवरून ठिबकणारे औषध, बर्फात बोटे बधिर होईपर्यंत कोळंबी सोलणाऱ्या बायका, यांतल्या प्रत्येकावर स्वतंत्र लिहिता येईल. ज्यांनी ती कामे केली आहेत त्यांनी ते लिहावे.

कायदा नाही असे नाही. राज्य कामगार विम्याचा कायदा १९४८ मध्येच झाला. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारासाठी मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो, आणि आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. चांगली योजना आहे, पण सर्वसाधारणपणे आजाराच्या पहिल्या दोन दिवसांचे त्यात मिळत नाही, आणि ती दहा किंवा अधिक कामगार असतील तिथे लागू होते. आमच्या पक्क्या मस्टरवर नऊ नावे का होती, हे आता वेगळे सांगायला नको. उरलेल्या बायका कागदावर घरून गर सोलून आणणाऱ्या होत्या. ते मस्टर मी लिहीत होतो. १९४८ च्याच कारखाने कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेसाठी दहा कामगारांची मर्यादा होती, ती कामगारांच्या सुरक्षा-आरोग्याच्या २०२० च्या नव्या संहितेत वीस झाली आहे. त्याच संहितेत ठरावीक वयाच्या किंवा वर्गातल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करण्याची तरतूद आहे, पण ज्याचे नाव मस्टरवरच नाही त्याला कोण तपासणार? कारखान्यातल्या भरपगारी रजेचा हिशेब वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस असा असतो, आणि त्या एकाच गाठोड्यात आजारपण, लग्न, गणपती आणि शिमगा सगळे बसवायचे असते. आजारपणासाठी म्हणून वेगळा दिवस त्यात नाही.

हे सगळे आपल्या लोकांना नवीन आहे का? कोकणातल्या घराघरातून माणसे गिरणीत गेली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० च्या जूनमध्ये मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली, तेव्हाही एक दिवस यंत्रे बंद ठेवल्याने धंदा बुडेल असेच सांगितले गेले असणार. माझे बाबा परळच्या एका गिरणीत सूतखात्यात होते. दमा त्यांनाही झाला, कापसाच्या बारीक धुळीने तो पुष्कळांना झाला. पण खोकला वाढला की ते विम्याच्या दवाखान्यातून दाखला आणत, आठ दिवस घरी राहत आणि परत गेल्यावर त्यांचा साचा, म्हणजे यंत्र, त्यांचेच असे. १९८२ च्या संपानंतर ते गावी आले. त्यांच्याच सुनेच्या पिढीतल्या बायका, गिरणीपेक्षा कितीतरी आधुनिक काळात, ज्या सोयीशिवाय काम करतात ती सोय त्यांना सत्तर साली होती. ही प्रगती कोणत्या दिशेची म्हणायची, हे मला अजून नीट कळलेले नाही.

मालकांची बाजू मला माहीत आहे, कारण त्यांचा ताळेबंद मीच मांडत होतो. आफ्रिकेतून येणाऱ्या बीचा भाव, व्हिएतनामच्या गराची स्पर्धा, बँकेचे व्याज आणि पावसाळ्यात बुरशी लागून वाया जाणारा माल, यांतून लहान कारखानदाराच्या हाती फार उरत नाही. तरीही हिशेब करून पाहावा. वर्षाचे ३०० दिवस काम धरले, तर आजारपणाच्या सात भरपगारी दिवसांनी मजुरीचा खर्च सुमारे २.३ टक्क्यांनी वाढतो, आणि तोही फक्त मजुरीचा. गराच्या किमतीतला मोठा वाटा बीचा असतो. किलोवर काम करणारीला रजेचा पगार कोणत्या हिशेबाने द्यायचा, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर जुन्या कारखाने कायद्यातच आहे: आधीच्या महिन्यात काम केलेल्या दिवसांच्या कमाईची सरासरी काढायची. माझ्या कच्च्या वहीवरून ते पाच मिनिटांचे काम होते.

एकेका लहान मालकावर हा भार टाकू नये, हेही मला मान्य आहे. त्यासाठी परदेशी उदाहरणे शोधायची गरज नाही. महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदा आहे. एका हमालाचा एकच मालक नसतो, आज या गाळ्यावर तर उद्या त्या, म्हणून मालकांनी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक वर्गणी, माथाडी मंडळाकडे भरायची आणि कामगाराला रजा, भविष्य निर्वाह निधी, औषधोपचार मंडळातून मिळायचे, अशी ती रचना आहे. काजूच्या बायकांची स्थिती वेगळी नाही. हंगाम पाहून त्याही कारखाने बदलतात. तालुक्यातल्या सगळ्या कारखान्यांकडून किलोमागे ठरावीक लेव्ही घेऊन आजारपणाच्या रजेचा निधी उभा केला, तर नऊ नावांचे मस्टर ठेवण्यात फायदा उरणार नाही, कारण लेव्ही डोक्यावर नसून मालावर असेल. आणि जोवर हातमोज्यांनी वेग कमी होतो आहे, तोवर हातमोजे घालून फोडलेल्या गराला किलोचा दर वाढवून दिला पाहिजे. हात वाचवण्याचा खर्च हातानेच भरावा, हे बरोबर नाही.

हे मुद्दे अर्जाच्या रूपात लिहून मी पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी तयार केले आहेत. पाठवण्याआधी माझ्या जुन्या मालकांना वाचायला दिले, कारण त्यांच्या पाठीमागे बोलणे मला जमणार नव्हते. वाढीव दर त्यांना चालण्यासारखा वाटला, लेव्हीबद्दल बाकीचे कारखानदार आले तर बघू म्हणाले, आणि रजेच्या कलमावर बोट ठेवून म्हणाले की बायका खोटे सांगून बसतील. मी घरून कच्ची वही आणली होती. शिमग्याचे आणि गणपतीचे दिवस कारखाना बंदच असतो, ते सोडून बाकीच्या फुल्या कुठे दाटल्या आहेत ते त्यांना पान उलटून दाखवले. जुलै आणि ऑगस्ट. त्यांनी चष्मा काढून ती पाने बराच वेळ पाहिली आणि वही आपल्याकडेच ठेवून घेतली. अर्जासोबत जोडायला मला ती परत हवी आहे. उद्या सकाळी आणायला जाणार आहे.