बाबांची गोळी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे

बाबांना पार्किन्सन्स या मेंदूच्या आजाराचं निदान झालं २०१६ साली. तेव्हापासून माझ्या फोनवर दिवसाला ५ गजर वाजतात. गोळी जेवणाआधी तासभर, कारण डाळीतली प्रथिनं तिच्या आड येतात. ३० वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. धावत्या गाडीत उभ्याउभ्या सुट्टे मोजणाऱ्या त्या बोटांना आता पाकिटातली गोळी सोलून काढता येत नाही. मी काढून देते.

त्या गोळीत लेव्होडोपा आणि कार्बिडोपा असतं. लेव्होडोपाच्या मोठ्या डोसने जखडलेले रुग्ण चालू लागतात, हे डॉक्टर जॉर्ज कोट्झियास यांनी १९६७ साली दाखवलं. कार्बिडोपाची जोड असलेली गोळी अमेरिकेत १९७५ साली आली. माझा जन्म १९७८चा. मधल्या काळात मेंदूत इलेक्ट्रोड बसवायची शस्त्रक्रिया आली, गोळीचा असर लांबवणारी औषधं आली. आजाराला थोपवणारं मात्र एकही नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी हमखास पाठवतं, 'औषध केव्हाच सापडलंय, कंपन्या दाबून बसल्यात.' मला याचा मनापासून राग येतो. स्नायूंसाठी घेतात त्या क्रिएटिनच्या एकाच चाचणीत १,७४१ रुग्ण होते. उपयोग दिसेना म्हणून ती २०१३ साली थांबवली. मधुमेहावरच्या एक्झेनाटाइडने छोट्या चाचणीत आशा दाखवली होती. १९४ रुग्णांवर जवळजवळ २ वर्षं देऊन पाहिलं आणि २०२५ साली कळलं, फरक नाही. ही माणसं थरथरत्या हातांनी फॉर्मवर सह्या करून आली होती. कुणी काही दाबलेलं नाही. प्रयत्न खरे होते, हरले.

का हरले, ते मला आमच्याच घरात दिसतं. २००८च्या आसपास एकदा गॅसवर दूध करपून घरभर धूर झाला. बाबा शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होते, त्यांना पत्ताच नाही. आम्ही हसलो. वास जाणं ही या आजाराची कित्येक वर्षं आधीची खूण असू शकते, हे कुणाला माहीत होतं? हात थरथरू लागतो तोवर मेंदूतल्या डोपामिन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं रसायन, बनवणाऱ्या पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो. आणि आपल्या बहुतेक चाचण्या सुरू होतात तिथून पुढे.

बरं, औषध लागू पडलं की नाही हे मोजायचं कसं? डॉक्टर बोटं आपटायला लावतात, चालवून बघतात, गुण देतात. बाबा दवाखान्यात झोकात चालतात आणि घरी येऊन उंबरठ्याशी त्यांचे पाय जमिनीला चिकटतात. मी तिथे लाल चिकटपट्टीचे आडवे पट्टे मारलेत. पट्टा दिसला की पाऊल उचलतं. अशा आजारात एका दिवसाच्या गुणांवरून काय कळणार? त्यात नुसत्या खोट्या गोळीनेही या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन स्रवतं. मग खरा फरक दिसायला शेकडो माणसं आणि वर्षानुवर्षं लागतात. एवढा धीर सगळ्यांना नसतो. फायझरने २०१८ साली पार्किन्सन्स-अल्झायमर्सच्या नव्या औषधांचा शोधच बंद केला.

औषधं आधी उंदरांवर तपासतात. एमपीटीपी नावाच्या विषाने उंदरांच्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी काही दिवसांत मारता येतात. माणसाच्या मरायला दशकं लागतात. उंदीर बरा झाला म्हणजे बाबा बरे होतील, असं कसं धरायचं?

मला सगळ्यात जास्त खंत वाटते ती वेगळीच. पेशींत गोळा होणारं अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन यात गुंतलंय, हे १९९७ साली कळलं. ते पाठीच्या मणक्यातल्या पाण्यात नेमकं पकडता येतं, हे मोठ्या अभ्यासातून दिसायला २०२३ उजाडलं. पार्किन्सन्स झालेल्या हॉलिवूड अभिनेत्याच्या मायकेल जे. फॉक्स फाउंडेशनने त्या अभ्यासाला २०१० पासून पैसा पुरवला. त्या पैशातून एकही गोळी निघाली नाही, पण माझ्या मते सगळ्यात सत्कारणी लागला तो हाच. चोर घरात शिरताना दिसला तरच धरता येईल. असा संथ, न मिरवता येणारा अभ्यास आणखी हवा, आणि त्यात आपल्याकडची माणसंही हवीत.

गेल्या आठवड्यात बाबांच्या न्यूरॉलॉजिस्टना विचारलं, मला वास नीट येतो का, याची तपासणी करायची का? ते म्हणाले, "ताई, करू. पण कमी निघालं तर हातात द्यायला माझ्याकडे काही नाही." मी म्हटलं, तरी करा. आणि कुठे अभ्यासाला माणसं हवी असली तर माझं नाव द्या, असंही सांगून आले.