‘निळी गाठ म्हणजे दातच’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

“बाळाच्या हिरडीवर निळसर गाठ आली तर तो दातच. हळद-मध चोळा, आपोआप जिरते. डॉक्टर तुकडा काढतात, मग गाठ पसरते आणि जबडाच काढावा लागतो.” हा मेसेज या आठवड्यात मला तीनदा भेटला: कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, आत्याकडून आणि क्लिनिकमध्ये नातवाला घेऊन आलेल्या एका आजींच्या फोनवर. दिवसभर लहान मुलांचेच दात बघतो, म्हणून लिहायला बसलो.

पहिलं वाक्य बऱ्याचदा खरं निघतं, पंचाईत तिथेच आहे. दात येण्याआधी हिरडीवर निळसर, पाणी भरल्यासारखा फुगवटा येऊ शकतो. दात वर आला की तो जातो. पण दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येतात, तेही बहुधा आधी खालचे. तीन महिन्यांच्या बाळाच्या वरच्या हिरडीत, पुढच्या बाजूला घट्ट काळपट-निळी गाठ असेल, दर आठवड्याला वाढत असेल, ओठ वर उचलला जात असेल, तर प्रकरण वेगळं. मेलॅनोटिक न्यूरोएक्टोडर्मल ट्यूमर ऑफ इन्फन्सी असं लांबलचक नाव असलेली ही दुर्मिळ गाठ क्रॉम्पेखर यांनी १९१८ साली पहिल्यांदा नोंदवली. ती बहुधा पहिल्या वर्षातच दिसते. आणि फसवते कशी बघा: वाढताना ती हाडातला कच्चा दात पुढे ढकलते, त्यामुळे कधीकधी गाठीच्या टोकावर खरोखरच दाताचं पांढरं टोक दिसतं. घरातले म्हणतात, “बघ, दातच आहे की!”

मध तर एक वर्षाच्या आत चाटवायचाच नाही, बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पडण्याच्या आजाराचा, धोका असतो. हळदीने गाठ जात नाही, फक्त रंग झाकला जातो.

‘आपोआप जिरते’ हे मात्र अगदीच हवेतलं नाही. जन्मतःच हिरडीला लोंबणारी गुलाबी गाठ, जी मुलींमध्ये जास्त दिसते, ती जन्मानंतर सहसा वाढत नाही आणि लहान असली तर कधीकधी जिरतेही. कुणीतरी ती पाहिली असेल आणि सगळ्याच गाठींना तोच न्याय लावला असेल.

तपासणीसाठी तुकडा (बायोप्सी) काढल्याने ती काळपट-निळी गाठ शरीरभर पसरत नाही. मुळातच ती भराभर वाढते, आणि आळ येतो तुकड्यावर. न्यूरोब्लास्टोमा किंवा सार्कोमासारखे कॅन्सरही जबड्यात असेच दिसू शकतात, त्यांचे उपचार निराळे. सूक्ष्मदर्शकाखाली या गाठीत दोन प्रकारच्या पेशी सापडतात: रंगद्रव्य भरलेल्या मोठ्या, आणि लहान गोल. हे लघवी तपासून किंवा नुसतं सीटी स्कॅन करून पक्कं कळत नाही, म्हणून तुकडा लागतो.

राहिला जबडा. गाठ बहुधा साधी असते, क्वचितच कॅन्सरची. सर्जन ती आसपासच्या थोड्या हाडासकट काढतात, अख्खा जबडा नव्हे. तिथले काही दात पुढे येत नाहीत, आणि गाठ परत येऊ शकते म्हणून पहिलं वर्ष वरचेवर दाखवावं लागतं. हळद चोळत दोन महिने घालवले, तर तेवढ्यात ती आणखी हाड खाते.

त्या आजींच्या नातवाचा दातच होता. सात महिन्यांचा, खालची हिरडी, बोटाने दाबलं तर मऊ. तपासायला दोन मिनिटं लागली.