जीन्स घेताना आधी बसून बघा

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

दुपारी भाचीला घेऊन नाशिकच्या कॉलेज रोडला गेले होते. अकरावीला आहे, कबड्डी खेळते, मांड्या भरलेल्या आणि कंबर बारीक. तिसरी जीन्सपण गुडघ्याच्या वर चढेना तेव्हा दुकानातला पोरगा तिच्यासमोर मला म्हणतो, मॅडम, यांना आधी वजन कमी करावं लागेल. पोरगी ट्रायल रूममधून बाहेरच येईना. अरे तू कपडे विकतोस ना, मग कपड्यांचं बोल! तिच्या मांड्यांवर बोलणारा तू कोण?

मला रविवार कारंज्याजवळचे टेलर काका आठवले. मी अंबडला नोकरीला लागले तेव्हा स्कूटीवर जायचे, जीन्स मागून सरकायची, प्रत्येक सिग्नलला टॉप खाली ओढायचा, मागे कोण बघतंय हीच धास्ती. कंबर कमी करायला काकांकडे गेले तर टेप हातात घ्यायच्या आधी म्हणाले, ताई, स्टुलावर बसा बरं. बसले तर मागे चार बोटं फट. म्हणाले, कंबर आवळून देतो, पण या जीन्सचं आसनच, म्हणजे कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचं माप, कमी आहे, त्याला मी काय करणार. पुढच्या वेळी मांडीला आणि सीटला बसेल ती घ्या, कंबर माझ्याकडे आणा.

इतकं साधं आहे हो. आपण आरशासमोर सरळ उभं राहून जीन्स घेतो आणि नंतर दिवसभर बसतो, वाकतो, जिने चढतो, स्कूटीवर टांग टाकतो.

आणि ही जीन्स आली कुठून? अमेरिकेत जेकब डेव्हिस नावाचा एक टेलर होता, त्याच्याकडे एका लाकूडतोड्याची बायको आली, नवऱ्याची पँट टिकत नाही म्हणून. त्याने खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट, म्हणजे छोटे खिळे, ठोकले, मग लेव्ही स्ट्रॉसबरोबर १८७३ मध्ये पेटंट घेतलं. म्हणजे राबणाऱ्या माणसाचं अंग बघून पँट केली होती. आणि आज आमच्या पोरींनी पँट बघून अंग करायचं? वर बायकांच्या जीन्सला खिसे असे की मोबाईल अर्धा बाहेर, काहींना तर नुसती शिलाई मारलेली!

हां, स्किनी काहीजणींना छान दिसते, ज्यांना आवडते त्यांनी खुशाल घालावी. आणि थोडं स्ट्रेच असलेलं बरं पडतं हेही मान्य, शंभर टक्के कॉटनची जाड जीन्स पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही.

तर तिथून उठून मेन रोडला गेलो. दोन साईज मोठी, हाय वेस्ट, सरळ पायाची घेतली आणि तशीच काकांकडे. आता केस पार पांढरे झालेत त्यांचे, चष्मा जाड झालाय. भाचीला म्हणाले, बाळा, बस बरं. ती स्टुलावर बसली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, खाली फरशीवरच मांडी घालून बसली. कुठेच काचलं नाही. काकांनी मागे खडूने दोन खुणा केल्या, म्हणाले मंगळवारी ये.

रडून लाल झालेले डोळे तसेच होते, पण घरी येताना स्कूटीवर मागून विचारत होती, मावशी, सोमवारी नाही का मिळणार?