एक लाख रूबल आणि शेजारच्या आजी

आज जेवणाच्या पंगतीत एक गृहस्थ ठासून सांगत होते, "रशियन माणूस गरीब होता तोवर वाचायचा. पैसा आला, मॉल आले, वाचन संपलं. आता नुसत्या सिरियली." यजमानांचा मान राखून गप्प बसले. पण घरी आल्यापासून डोकं तापलंय.

मे 2003. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही मॉस्कोत होतो. तेलाचे भाव चढले होते, लोकांच्या हातात पैसा खेळायला लागला होता, आणि जिन्याखाली रोज कुणाचं तरी जुनं कपाट येऊन पडायचं. शेजारच्या आजींच्या मुलानं मॉस्कोलगतच्या खिमकीतल्या आयकिया या दुकानातून नवं फर्निचर आणलं. भिंतभर जुनं कपाट गेलं, पुस्तकांची खोकी जिन्याखाली गेली. आजी काही बोलल्या नाहीत. सोव्हिएत काळात दुर्मिळ पुस्तकाच्या कुपनासाठी 20 किलो रद्दी द्यावी लागे. ती रद्दी ओढत नेलेली बाई ही!

त्याच महिन्यात टीव्हीवर 'इडियट' लागली. दस्तयेव्हस्कीची कादंबरी, बोर्त्कोचं दिग्दर्शन, दहा भाग. आजी निवृत्त शिक्षिका, माझं रशियन कच्चं, म्हणून रोज मला शेजारी बसवून घ्यायच्या. प्रिन्स मिश्किन झालेल्या मिरोनोवच्या आधी यांचे ओठ हलायचे.

मधे जाहिराती होत्या, मान्य. सिरियल बघणारा प्रत्येक जण पुस्तक उघडत नाही, तेही मान्य. पण म्हणून काय? जन्मभर रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला घरात एक धड कपाट हवंसं वाटलं, तर तिची संस्कृती बुडाली? आपल्याकडे 1991 नंतर घरोघरी वॉशिंग मशीन आली तेव्हाही हीच रड ऐकली. कपडे कोण धूत होतं, ते एकानंही विचारलं नाही!

कादंबरीची नायिका नास्तास्या फिलिपोव्हना वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक लाख रूबल आगीत फेकते, तो भाग लागला. आजींची पुंजी 1992 च्या महागाईत गेलेली, पुन्हा साठवलेलं 1998 मध्ये रूबल कोसळला तेव्हा. मुलगा कोट घालून दारात उभा होता. त्याचा मोबाइल वाजत राहिला, त्यानं उचलला नाही.

त्या रात्री तो खाली गेला. दोन खोकी कुणीतरी नेली होती, एक मिळालं. 'इडियट' त्यात नव्हती. दुसऱ्या दिवशी तो नवी प्रत घेऊन आला, मुखपृष्ठावर मिरोनोव. आजींना ते चित्र मुळीच रुचलं नाही. त्यांनी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि नव्या कपाटात, चहाच्या कपांशेजारी उभं केलं.