यूटीएमवर पास झालेला बोल्टही रात्रीत तुटतो

फॅब्रिकेशनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय: "8.8 चे बोल्ट काढा, झिंक प्लेटिंगचे 12.9 लावा. जितका कडक तितका भक्कम. लॉटमधला एक यूटीएमवर ओढून बघा, पास झाला की निर्धास्त. हायड्रोजनची भीती रिफायनरीवाल्यांना. फारच वाटलं तर बेकिंग करा." 8.8 आणि 12.9 हे बोल्टच्या ताकदीचे दर्जे. यूटीएम म्हणजे नमुना ओढून तोडणारं चाचणी यंत्र. पोलादात शिरलेला हायड्रोजन त्याला ठिसूळ करतो, आणि तो बाहेर काढायला बोल्ट ओव्हनमध्ये तापवणं म्हणजे बेकिंग. मी मटेरियल टेस्टिंगमध्ये काम करतो. हा सल्ला कुणी क्रेनवर किंवा प्रेसवर अमलात आणेल, या विचारानेच धडकी भरते.

"कडक तितका भक्कम." 8.8 चा बोल्ट 800 मेगापास्कल ताण घेतो आणि 12.9 चा 1200, इथपर्यंत बरोबर. पण ही ताकद पोलाद कडक करून मिळवलेली असते, आणि कडकपणा वाढला की चिवटपणा घटतो. 12.9 चा कडकपणा रॉकवेल सी मापावर साधारण 39 ते 44 भरतो. हायड्रोजनने तडकण्याचा धोका याच पट्ट्यात झपाट्याने वाढतो. तेवढाच हायड्रोजन 8.8 चा बोल्ट सहसा पचवून टाकतो.

"हायड्रोजन रिफायनरीत." आणि प्लेटिंगच्या टाकीत काय असतं? गंज काढायला बोल्ट ॲसिडमध्ये बुडवल्यावर उठणारे बुडबुडे हायड्रोजनचेच. सगळा हवेत जात नाही, थोडा पोलादात शिरतो. झिंक चढवताना करंट चालू असतो तेव्हा आणखी शिरतो, आणि वर बसलेला झिंकचा थर त्याची बाहेरची वाट अडवतो. 1875 साली इंग्लंडमध्ये डब्ल्यू. एच. जॉन्सन यांनी हे रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं. ॲसिडमध्ये ठेवलेलं लोखंड मोडून मोडलेली जागा ओली केली, तर तिथून बुडबुडे निघतात. तेच लोखंड काही दिवस नुसतं ठेवलं, तर चिवटपणा परत येतो.

"यूटीएमवर पास." खरी फसगत इथे आहे. यूटीएम काही मिनिटांत बोल्ट तोडते. तेवढ्यात हायड्रोजन फारसा हलतच नाही. आवळून ठेवलेल्या बोल्टमध्ये मात्र तो सरकत सरकत ताण एकवटलेल्या जागी जमतो, म्हणजे आट्यांच्या मुळाशी किंवा डोक्याखालच्या गोलाईत. मग काही तासांनी, कधी काही दिवसांनी, कुणाचा हात लागलेला नसताना डोकं टक्कन उडतं. तो तुकडा भिंगाखाली धरा. ओढून तोडलेल्या चिवट बोल्टची मान बारीक झालेली दिसते. याची मान जशीच्या तशी असते, आणि तडा जिथून सुरू झाला तिथे साखरेच्या दाण्यांसारखी चमक असते.

मार्च 2013 मध्ये अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिजच्या नव्या पूर्व भागात 3 इंच जाडीचे 96 गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे झिंकचा थर दिलेले, रॉड आवळले गेले. दोन आठवड्यांच्या आत त्यातले 32 तुटले. ताकदीच्या कसोटीत हे रॉड बसत होते, तरी हायड्रोजनने तडकले.

म्हणून हायड्रोजनच्या चाचणीला वेळ द्यावाच लागतो. एएसटीएम एफ 519 या अमेरिकी चाचणी-मानकात खाच पाडलेला नमुना, तो ज्या भाराला मोडतो त्याच्या 75 टक्के भाराखाली 200 तास धरून ठेवतात. दुसऱ्या पद्धतीत भार पायरीपायरीने चढवतात आणि प्रत्येक पायरीवर थांबतात. बे ब्रिजवर नंतर पूर्ण जाडीचे रॉड मिठाच्या पाण्यात ठेवून असेच तपासले गेले.

"बेकिंग करा." जरूर करा, पण प्लेटिंगनंतर लगेच, 200 अंश सेल्सिअसच्या आसपास आणि पुरेसे तास. एकदा पडलेला तडा ओव्हनमध्ये भरून येत नाही. शिवाय बेकिंग फक्त आधी शिरलेला हायड्रोजन काढतं. बे ब्रिजचे रॉड आवळण्याआधी कित्येक वर्षं पाणी साचणाऱ्या जागेत उभे होते. ओल्या जागी झिंक गंजतं आणि उघड्या पडलेल्या पोलादावर नव्याने हायड्रोजन तयार होतो. त्यावर बेकिंगचा उपाय नाही.

भार 8.8 ने पेलत असेल तर 8.8 च राहू द्या. 12.9 शिवाय भागतच नसेल, तर ॲसिड आणि करंट दोन्ही न लागणारं झिंक फ्लेक कोटिंग मागा, आणि जागा कोरडी ठेवा.